झेलेना लिपा, एकास एकशेवीस

लाउझित्सच्या एका शाळेतल्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या रंगीत रेषा ओलांडून,
आम्ही दर नोव्हेंबरात आपापले मुलूख मांडतो :
कुणाचा दीड मीटरचा घाट, कुणाचं नुसतं एक वळण,
एगॉनचं सपाट शेत –
दहा वर्षं झाली, तिथे काय पेरावं
हे त्याचं अजून ठरत नाही.

रूळ जमिनीपासून एक मीटर तीस उंच हवेत.
बाकी कशावरही एकमताची सक्ती नाही.
वुल्फहार्टच्या फळीवर अजून वाफेची इंजिनं,
शेजारच्या फळीवर भिंत पडून दोन वर्षं झालेली,
आणि एकच मालगाडी दोन्हींतून जाते
कुणालाही कागद न दाखवता.

उडोकडे सिगारच्या खोक्यांत
एकाच जातीचे एक्केचाळीस कोळशाचे डबे.
फरक फक्त नंबरांचा.
सगळे सारखेच दिसतात, असं त्याला म्हणू नका.
त्याची बायको एकदा म्हणाली होती;
तिला तो अजून उत्तर देतोय.

वेळापत्रक माझ्याकडे असतं.
गुरुवारीच छापून झालेलं.

शनिवारी सकाळी मार्हाता आली,
पाववाल्याच्या गाडीतून दोन पेट्या घेऊन.
ब्यार्नात गेला त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.
त्याचे घाट, त्याचे पूल आम्हाला पाठ होते.
हे स्टेशन त्यानं कुणालाच दाखवलं नव्हतं.

पाटीवर दोन नावं : वर जर्मन, ग्रुनलिंडे,
खाली सॉर्बियन, झेलेना लिपा.
सत्त्याऐंशी साली हे गाव कोळशाच्या खाणीनं खाल्लं,
चर्चसकट, मेलेल्यांसकट.
आता तिथे तळं आहे. उन्हाळ्यात होड्या भाड्यानं मिळतात.
ब्यार्नातनं यंत्रं येण्याआधी
सगळं पावलांनी मोजून वहीत उतरवलं होतं :
स्टेशनमास्तरच्या जिन्याला सात पायऱ्या.
मार्हातानं नखाच्या टोकानं मोजून दाखवल्या. सातच.
रस्त्यावरची माती चाळलेल्या कॉफीच्या गाळाची.
फलाटाजवळ लिंडनचं झाड, करंगळीहून जरा उंच.

पण जागा कुठे होती?
मी कागद उलटसुलट केला, पेन्सिल कानामागे खोचली,
घसा खाकरला.
तेवढ्यात एगॉन आपले नटबोल्ट सैल करू लागला.
"माझ्या शेतात नाहीतरी काही उगवत नाही,"
तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी शेत उचलून
भिंतीला टेकवून ठेवलं.

एक पाय तीन मिलिमीटर आखूड निघाला.
त्याखाली बिअरच्या ग्लासाखालच्या दोन चकत्या सारल्या.
उडोनं सांध्यावरून बोट फिरवलं,
आंधळ्यानं ओळखीचा चेहरा चाचपावा तसं,
आणि मान डोलावली.

आमचं घड्याळ चौपट धावतं.
दोन वाजून दहाला दोन डब्यांची पॅसेंजर
झेलेना लिपाला थांबली.
थांबा दोन मिनिटं, म्हणजे खरे तीस सेकंद.

मार्हाता वाकली, डोळे फलाटाच्या पातळीला आणून.
मी हळूच विचारलं, फलाटावर माणसं कशी नाहीत?
त्यानं बाकं केलीत, कंदील केलेत,
सायकलसुद्धा टेकवलीय भिंतीला.
ती म्हणाली, "मीही विचारलं होतं.
म्हणाला, माणसं तर आपण बरोबर घेऊन आलो."

दोन बारा झाले. मी सिग्नल दिला नाही.
दोन पंधरा. दोन वीस.
जंक्शनवर उडोचे एक्केचाळीस डबे खोळंबले,
पलीकडे वुल्फहार्टनं घड्याळाकडे पाहिलं,
मग आमच्याकडे पाहिलं,
मग चष्मा काढून पुसत बसला.

गाडी दोन बेचाळीसला सुटली.
वहीत उशिराच्या कारणाचा रकाना असतो;
एरवी मी तिथे 'चाक घसरलं', 'वीज गेली' असं काही लिहितो.
या वेळी लिहिलं :
प्रवासी उतरत होते.

रविवारी आवराआवर. पेट्या, दोऱ्या, थंड कॉफी.
एगॉननं मार्हाताला विचारलं,
ते झाड कशाचं बनवलं होतं?
"नव्या घरामागं कुंपण आहे ना, तिथल्या वाळक्या काड्यांचं.
ये कधीतरी. हव्या तेवढ्या ने."
पुढच्या वर्षी बघू, एगॉन म्हणाला,
जसं तो दर वर्षी म्हणतो,
आणि शेत काखेत मारून
पार्किंगकडे चालू लागला.