वगळलेल्या ओळी

सोहार. रात्रपाळी.
बाहेर पंप समुद्र ओढतायत,
आत मी अकरा वर्षांचे बिघाड मांडतेय:
दिवसात किती मिनिटं बंद, असं किती वेळा.
साध्या पट्टीवर सगळे ठिपके डाव्या कोपऱ्यात,
गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे.
आणि लांब उजवीकडे, एकटे,
त्या जूनमधले सलग चौदा तास.

मग दोन्ही अक्षांना लॉग. कोडची एकच ओळ.
एक ते दहा जेवढं अंतर
तेवढंच दहा ते शंभर.
राई आणि पर्वत एका पानावर मावले,
कुणालाही न फुगवता.
ठिपके उठून रांगेत आले,
सरळ उतरती रेघ, उतार उणे दीड.
मला उगाच आनंद झाला,
जणू मीच ती ओढली होती.

खाली लाल अक्षरं:
शून्य किमती वगळल्या, ३२०४.

शून्याला इथे जागाच नाही.
दहाने भागत डावीकडे चालत राहा,
दशांश, शतांश, सहस्रांश,
ते येत नाही.

खल्फान चहा ठेवून वाकतो.
"हे कुठले दिवस?"
काहीच न झालेले, मी म्हणते.
तो खिडकीकडे हनुवटी करतो:
सुकुमारन. ग्रीसचा डबा, दातांत टॉर्च,
बेअरिंगला कान लावून उभा.
"म्हणजे त्याचे."

चहा निवतो. रेघ तशीच सुंदर.
तिच्या डावीकडे कागद संपतो,
आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी
तो चिंधीला हात पुसतोय.