साखर पेठेतलं वळण

मल्लेशम,
तुझ्या माडीवर अजून येतो आम्ही रविवारी.
चपला जिन्याखालीच काढतो,
सहाव्या पायरीला डोकं वाकवतो,
तरी रशीदला लागतंच.

खाली माग चालायचे तेव्हा
वर आपलं अख्खं स्टेशन थरथरायचं.
सकाळी बाकाजवळ उभे केलेले प्रवासी
दुपारपर्यंत सरकत सरकत
फलाटाच्या कडेला जमायचे सगळे.
तू चष्म्यावरून बघायचास, म्हणायचास,
"बघा बे, ह्यांना गाडीची चाहूल लागली."

माग आता नाहीत.
श्रीहरीनं विकले किलोवर,
तू गेल्यावर, गड्ड्याची यात्रा भरायच्या आधी.
प्रवासी ठेवले तिथेच उभे असतात.
कुणालाच कसली घाई नाही.

तुझं गवत मात्र हिरवं आहे.
टॉवेलाची लव कापून, रंगात बुडवून,
गच्चीवर वाळवून
भर वैशाखात माळरान पेरलं होतंस तू.
इंजिनामागे कोळसा म्हणून कारळं.
त्याला मुंग्या लागल्या, तर तूच
रजिस्टरात लिहिलंस,
"कोळसा चोरीस गेला. तपास चालू आहे."

आणि इंजिन?
चिमणी मागाच्या कांडीची,
बाकी सगळं कुर्डुवाडीच्या छोट्या लाईनीवरचं,
बापाच्या खांद्यावरून एकदाच पाहिलेलं.
हत्तुरे मास्तर फूटपट्टी घेऊन भांडायचे,
चाकं दोन मिलिमीटर मोठी झालीत म्हणून.
"मी लहान होतो की तेव्हा," तू म्हणायचास,
"मला एवढी दिसली."

मग ते वळण.
बोगद्यातून बाहेर पडताच डावीकडे,
जिथं प्लायवूड फुगलंय.
दर फेरीला तिसरा डबा कलंडायचा.
तू नुसती करंगळी लावायचास
आणि इंजिनाशी वाकून बोलायचास,
"पदरा, पदरा."
मला वाटायचं, कुणाच्या पदराचं काढलंय ह्यानं मध्येच.
सात-आठ वर्षांनी विचारलं तेव्हा इतका हसलास
की चहा सांडला ज्वारीच्या शेतात.
"चल बाबा, असं म्हणतो रे मी त्याला तेलगूत.
मराठीत सांगून बघितलं. ऐकत नाही."

मी एकतीस वर्षं होटगीला सिग्नल खात्यात.
मला ते वळण बघवायचं नाही.
किती वेळा म्हटलं, रूळ उचलू, पॅकिंग देऊ,
पाच मिनिटांचं काम.
एकदा आवाजही चढवला.
तू म्हणालास, "मग मी इथं काय करू?"
ती थट्टा वाटली मला.

परवा रशीदनं ते वळण नीट केलं.
विडीच्या पुडक्याचा पुठ्ठा,
दोन घड्या घालून रुळाखाली.
गाडी बोगद्यातून आली,
वळली,
गेली.
कुणी काही बोललं नाही.
मास्तरांनी उगाच घड्याळ पाहिलं.
माझी करंगळी हवेत तशीच.

दोघं चहा आणायला उतरले तेव्हा
मी पुठ्ठा काढून खिशात टाकला.
रशीदला कळलं असावं.
जिन्यात डोकं आपटल्याचा आवाज आला,
मग शिवी,
मग तो स्वतः,
किटली खाली ठेवून सरळ बटणाकडे.

तिसरा डबा कलला.
तिघांचे हात एकदम पुढे,
एकमेकांवर आदळले,
दोन प्रवासी फलाटावरून खाली पडले.
आणि घरी कानडी बोलणारे हत्तुरे मास्तर,
ज्यांना तेलगूतला 'त' येत नाही,
इंजिनापर्यंत वाकले,
घसा खाकरला,
आणि चुकीच्याच हेलात
म्हणाले.