कवडी पाट

म्हात्रे पुलावर गाडी अडकली की मी खाली बघतो.
नाल्याचं तोंड जिथे नदीत उघडतं
त्या सिमेंटच्या ओठावर तो असतो,
मान खांद्यांत घालून,
पासबुक भरून मिळायची वाट बघणाऱ्या
पेन्शनरासारखा.
राखी बगळा.
मागचा रिक्षावाला हॉर्न दाबून धरतो.
बगळ्याला ऐकू येत नाही,
किंवा येतं, आणि तो ते हिशेबात धरत नाही.

शालन आत्या मागे बसलेली असते
फाइल पोटाशी धरून.
‘कोण आहे?’ विचारते,
दारावर कुणी आल्यासारखं.
‘राखी.’
‘एकटाच?’
‘एकटाच.’
‘बरं,’ म्हणते, आणि पुढे हॉस्पिटलपर्यंत काही बोलत नाही.

दर एकवीस दिवसांनी हा रस्ता.
मधल्या दिवसांत मी तिला सांगायला म्हणून बगळे बघू लागलो.
पाशाणच्या तलावात वेताच्या रंगाचा,
मानेवर शाईचे ओघळ, जांभळा,
जो गवतातून गवतासारखाच उठला.
कात्रजला, पोहू नये अशी पाटी आहे तिच्यावर, एक.
कर्वे रस्त्यावर रात्री साडेदहाला
मेट्रोच्या खांबांवरून कुणीतरी
एकच शिवी हासडल्यासारखं ‘वाक्’ करून गेलं.
‘रातबगळा,’ आत्या फोनवर म्हणाली. ‘ड्यूटीवर निघाला.’

आणि ढोकरी.
ती सगळीकडे असते, म्हणून कुणाला दिसत नाही.
पुस्तकात तिचं नाव वंचक.
आत्याला हे पटलं नाही.
तीस वर्षं मांजरीत पिठाची गिरणी चालवलेली बाई,
वजनात खोट काढलेली तिला सहन होत नाही.
‘फसवलं कुणाला तिनं?
चिखलात बसते तेव्हा चिखलाची.
पंख उघडले की पांढरीशुभ्र.
आतलं उडाल्यावरच दिसणार ना.
बसल्या बसल्या कोण दाखवतं?’

सहावं इंजेक्शन झालं, त्यानंतरच्या रविवारी म्हणाली,
पाटावर ने.
शेजारच्या गुंजाळांची ओम्नी मागितली.
लोणीच्या अलीकडे डावीकडे वळलो,
उसाच्या ट्रॉलीमागून, धुक्यात, हळूहळू.
बंधाऱ्यावरून फेस वाहत होता,
सगळ्या पुण्याच्या धुण्याचा, बोट बोट जाड.
खाली खडकांत थर्माकोल, एक चप्पल, नारळ,
आणि बगळे.
मोजायला गेलो आणि सोडून दिलं.
दोन मुलं मोठाल्या लेन्सा लावून उकिडवी बसलेली.
आत्यानं त्यांना ‘सरका जरा’ म्हटलं आणि खडकावर टेकली.

‘इथे गोधड्या धुवायचो आम्ही.
थवा डोक्यावरून गेला
की नखांवर नखं घासायची
आणि बगळ्यांकडे कवडी मागायची.
नखावर पांढरा ठिपका उमटला की मिळाली.
गावाचंच नाव कवडी,
रखमाला मिळाली, थोरल्या इंदूला तर तीन,
मला एक नाही.
माझ्या आवाजात दम नाही म्हणायच्या.’

मग तिनं डाव्या हाताचा लोकरी मोजा काढला.
प्रत्येक नखावर आडव्या पांढऱ्या रेघा,
एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या.
मला ठाऊक होतं. औषधानं होतं,
नख वाढेल तसं निघून जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.
तिनं हात उन्हात धरला, पालथा.
‘बघ,’ म्हणाली. ‘थकबाकी.’
आणि थोड्या वेळानं,
‘व्याजासकट.’

मला हसावं की काय ते कळेना, ती मात्र हसली,
टोपी कपाळावरून मागे सरकली
आणि तिनं ती तशीच राहू दिली.

समोर फेसाच्या कडेला तो राखी उभा होता,
इतका वेळ की मी त्याला खडकात जमा केला होता.
तोच एकदम त्याची मान सुटली.
चोचीत काहीतरी चमकलं,
चिलापी, की पिशवीचा तुकडा.
लेन्सवाली मुलं आपसात भांडू लागली.
आत्या काही बोलली नाही.
ती बघत होती, त्या लांबच लांब गळ्यातून
एक गाठ
हळूहळू खाली सरकत गेली
आणि दिसेनाशी झाली.