बसलेला आवाज

मार्केट यार्डात, गुळाच्या रव्यांमधून चालताना
ऐन सौद्यात माझा आवाज बसला.
हमाल हसले, "अण्णा, आज बोटांवरच काढा भाव."

गल्ल्यात गेल्या साली उरलेली
चार गोळ्यांची पट्टी होती.
ती घेऊन शिरगुप्पे बाईंकडे गेलो.
त्यांनी बॅटरी मारली, आ करायला लावलं,
जबड्याखाली दोन बोटं फिरवली.
"खोकला आहे, नाक वाहतंय, ताप नाही.
हा विषाणू. ह्याला तुमची गोळी ओळखतसुद्धा नाही."
आणि पट्टी खणात टाकली,
काळा पडलेला रवा बाजूला सारावा तशी.

मिठाच्या गुळण्या. कोमट पाणी. गप्प बसणं.
गप्प! मला सांगतायत.
सहाव्या दिवशी सौदा काढला, घोगरा का होईना.

पुढच्या महिन्यात गिरिजा तापली.
मी आता शहाणा : "मीठपाणी घे, जाईल."
पण तिला खोकला नव्हता, शिंक नव्हती,
नुसता ताप,
आणि थुंकी गिळताना गच्च मिटणारे डोळे.
बाईंनी तीच बॅटरी मारली.
टॉन्सिलवर पांढरे ठिपके.
कापसाच्या काडीनं घसा पुसून तपासला.
"हिला मात्र लागणार. दहा दिवस, एकही चुकवायचा नाही."

चौथ्या दिवशी पोरगी दारात दोरीवरच्या उड्या मारत होती.
उरलेल्या गोळ्या मी तळहातावर
तोलून बघितल्या.
गल्ल्याकडे बघितलं.

मग पेला भरला
आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी
तिला हाक मारली.