पटावर सात

पाळीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा
पटावर त्रेपन्न, बाकं अकरा.
उरलेली मुलं फरशीवर, खाणीच्या तांबड्या धुळीत.
घंटेआधी वर्ग झाडायचा, मधल्या सुट्टीत पुन्हा झाडायचा,
तरी पोरींचे परकर मागून तांबडेच.

प्रश्न कुणी विचारत नसे.
हात वर झालाच तर करंगळीपुरता.

टेबलावर शिमटी असायची कुड्याची.
ती आणून द्यायचीही मुलंच,
सोलून, गुळगुळीत करून, कौतुकाने.
रोहिदास गावडे दोन आणायचा,
"एक मोडली तर, बाई."
मोडली. त्याच्याच तळहातावर, सतराच्या पाढ्याला.
तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.
निरोप समारंभात हे कुणी बोललं नाही,
म्हणून मीच लिहून ठेवते.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात
वर्ग रानात असायचा, माटोळीच्या सामानाला.
मी फोंड्याची, बाजारातली.
मला रानफळांची चार नावं ठाऊक,
शेवंती गावकरला बेचाळीस.
भूगोलात ती नापास झाली.
मीच केली.

मग खाणी बंद पडल्या, धूळ खाली बसली,
बाकं स्वच्छ राहू लागली.
वळणावर बालरथ वाजायला लागला.
रोहिदासची धाकटी खिडकीतून हात हलवते,
"बाय, टीचर!"
तिला मी एक अक्षर शिकवलेलं नाही.
रोहिदासला विचारणार होते,
पण माझी नात पर्वरीला कुठल्या शाळेत जाते
हे त्याला माहीत आहे.

शेवटच्या वर्षी पटावर सात.
बसम्मा बागलकोटची, जगा ओडिशाचा, गुलशन मोतिहारीचा,
चौघं अशीच, बांधकामं सरकतील तशी आलेली.
घ घराचा, मी फळ्यावर लिहिते,
आणि सातही घरांत माझी भाषा नाही.

ही मुलं मान खाली घालत नाहीत.
गुलशन उठून उभासुद्धा राहत नाही,
"बाई, ल है ना? फिर ये ळ कशाला?"
तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.
मी खडू शोधत राहिले.
"आमच्यात पण आहे," बसम्मा म्हणाली.
"आमच्यातही," जगा म्हणाला.
उरला एकटा गुलशन,
आणि अख्खा वर्ग त्याच्या जिभेमागे लागला.

मार्चमध्ये बापाचा फोन घेऊन आला,
मोतिहारीच्या आजीला मराठी पाठवायची होती.
"मी पालीत राहतो."
मुलं भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवून लोळली.
पुन्हा पाली.
तिसऱ्यांदा जीभ वळली, टाळूला लागली,
"पाळीत."
शिमटी असती तर पहिल्याच दिवशी वळली असती,
किंवा कधीच नाही. कोण जाणे.

"आता माझी पाळी," बसम्मा म्हणाली
आणि फोन हिसकावून घेतला.