फॉल्ट रजिस्टर

टेलिफोन खात्याची ही जुनी वही,
माझगाव एक्सचेंजच्या भंगारातून उचललेली.
रकाने छापील आहेत:
तक्रार क्रमांक, ठिकाण, वेळ, दोषाचे स्वरूप, निवारण.
मी त्यात मासे लिहितो.

क्रमांक १. भाऊचा धक्का. सकाळी सहा चाळीस.
शिंगाळा, वीतभर.
निवारण: काटा टोचला, बोट सुजलं, सोडून दिला.

मी परभणीचा.
आमच्याकडे पाणी म्हणजे आडातलं
आणि मासा म्हणजे दशावताराच्या चित्रातला पहिला.
घरात त्याचा वास आला असता
तर आईने चूल पुन्हा सारवली असती.
चोविसाव्या वर्षी केबल जोडायला इथे आलो
आणि जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर
इब्राहिम नाखवाने हातात गरी दिली.
"धर," म्हणाला, "तारच आहे.
पलीकडे कोण आहे ते ऐक."

मार्व्याच्या जेटीवर करकरा,
वर येताना खरंच कुरकुरतो,
झोपेत दात खाणाऱ्या मुलासारखा.
वरळीच्या खडकांत गोबरा;
दोर घेऊन कपारीत शिरला,
अर्धा तास तो आत, मी बाहेर,
शेवटी भरतीनेच मला उठवलं.
(त्याला मोजलं नाही. पुढच्या डिसेंबरात मोजलं.)
मनोरीला टोळ, सुईसारखी चोच.
हाडं हिरवी असतात म्हणे त्याची.
मी खाल्ला नाही, ऐकून लिहिलंय.
माहीमच्या काळ्या पाण्यात केंड,
हातात घेतला की पोट फुगवून बसतो
आमच्या डिव्हिजनल इंजिनियरसारखा.
आणि बोय. साधी बोय.
तिला पावाचा गोळा लागला आणि दीड वर्षं.

जिताडा अठराव्या क्रमांकावर आहे.
खजुरी एकतिसाव्यावर होती.
दोन वर्षं मिरवलो.
मग गोराईच्या पास्कूने वही चाळली
आणि हसत हसत खडकावर आडवाच झाला:
एकच मासा आहे, अंकल.
एकतीस खोडला. पुढचे सगळे आकडे
रात्री बसून एकेक पायरी खाली उतरवले.
बायको म्हणाली, पगार कापला का तुमचा?

हरकूबाईला यातलं काहीच पटत नाही.
ससून डॉकच्या दारात, बर्फाच्या पाण्यात पाय सोडून
ती दर वेळी तेच विचारते:
"खात नाय त धरतंस कनाला रं?
ये, एका पाटीत वीस जाती दाखवतंय."
पाटीतले मी मोजत नाही, मावशी.
"मंग पान्यातले पन मोजू नको.
त्यांनी तुला कुठं मोजलाय?"

दोषाच्या रकान्यात
मी नाव सांगणाऱ्याचं नाव लिहितो.
करकरा: नाखवा.
टोळ: पास्कूचा बाप.
केंड: दर्ग्यामागे पतंग उडवणारा मुलगा.
निवटी: शिवडीच्या चिखलात कोणीच नव्हतं,
तिनेच वर येऊन डोळे फिरवले.
बावीसनंतर नाखवाचं नाव येत नाही.

काल, शिवडीलाच, ओहोटी लागताना
बोटाएवढी एक मासळी आली,
कल्ल्यामागे पिवळा ठिपका.
पास्कूला फोटो पाठवला; तो म्हणाला, बघितली आहे, नाव नाही आठवत.
धक्क्यावरच्या तिघांनी तीन नावं सांगितली
आणि आपसांत भांडले.
तुपाच्या डब्यात समुद्राचं पाणी भरून
तिला ससून डॉकला नेलं.
हरकूबाईने उचलली, उलटी केली, हुंगली,
परत डब्यात सोडली.
"हिला नाव नाय. जाल्यात आली त आमी फेकतंव."

क्रमांक ४७. शिवडी. सायंकाळी पाच दहा.
नाव: नाही. सांगितलं हरकूबाईने.

निवारण अजून कोरं आहे.
अंधार पडला म्हणून डबा घरी आणला,
ओट्यावर ठेवलाय, देव्हाऱ्यापासून हातभर लांब.
बायकोने दोनदा झाकण उघडून पाहिलं.
आत्ता विचारते आहे,
हिला काही खायला घालायचं का?