साडेअकरा आटे

पाणीखात्याच्या चावीवाल्यांची नोंदवही
डिरेक्टरीत चढवायचं काम माझ्याकडे आलं,
भायखळ्याच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर.
आठशे बारा माणसं, एका झाडाला टांगलेली:
मुळाशी शहर, मग विभाग, मग चौकी,
आणि फांदीच्या टोकाला माणूस.
नाव, बिल्ला, पत्ता, फोटो.

पहिल्या रात्री कोड बिनतक्रार चालला.
बिनतक्रार चाललेल्या कोडची मला भीती वाटते.
सकाळी बघते तर
आठशे बारा चेहऱ्यांच्या जागी तीच ती तेरा अक्षरं,
सिस्टिम डॉट बाइट,
आणि पुढे एक रिकामा चौकोनी कंस.
बाइटच्या रांगेला मी शब्द व्हायला सांगितलं होतं.
तिने मुकाट्याने जात सांगितली.

पत्त्यांचं वेगळंच.
ओळ संपली की माझा कोड समजायचा, माणूस संपला.
घोडपदेवपासून वरळीपर्यंत जो तो
खोली नऊ, खोली चार, खोली नऊ.
कुठली चाळ, कुठली गल्ली, ते खालीच राहिलं.
भविष्यनिर्वाह निधीची पाकिटं
टपालवाल्याने दोरीने बांधून परत आणली.

दुरुस्ती सोपी असते, सापडल्यावर.
फोटो जसाच्या तसा द्यायचा, कच्चे बाइट.
वाटेत मजकुराची फाईल लागलीच
तर चौसष्ट अक्षरांचा वेष घालून,
आणि नावापुढे एक नाही, दोन अपूर्णविराम,
म्हणजे वाचणाऱ्याला कळतं: हे वाचू नकोस, उलगड.
पत्त्याची ओळ मोडते तिथे डॉलरचं चिन्ह.
"रुपयाचं का नाही?" अल्मेडाने विचारलं.
ज्यांनी ठरवलं त्यांना पाणी दिवसभर येत असणार.

लवू सोनू घाडीगावकर, बिल्ला चारशे सत्तेचाळीस,
फोटो बघायला आले. स्क्रीनशी वाकले.
"मीच. मिशी तेव्हाची."
पत्ता बोट ठेवून वाचला, चारही ओळी,
शेवटच्या "बेल बंद, हाक मारा"पर्यंत.
मग म्हणाले, "आणखी थोडं आहे. बसेल यात?"
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली डायरी.
पानांवर ग्रीसचे अंगठे.
एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते.

फांदीवर तशी जागा नव्हती.
शेरा नावाचा रकाना होता, कुणी न वापरलेला,
मर्यादा एक हजार चोवीस अक्षरं.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेले.

टेकडीखालची चावी उलटी फिरते
११.५ आटे
नवव्याला अडते, जोर लावू नये, पाच मोजावे
पहिलं पाणी लाल येतं
लोक ओरडतील, ओरडू द्यावं
शाळेसमोरच्या झाकणाखाली मांजर वितं
आधी ठोकावं

"अशा चोवीस आहेत."
एका रकान्यात चोवीस शेरे चालतील, मी म्हटलं,
पण ते परत देताना क्रमाची हमी झाड घेत नाही.
शाळेची मांजर टेकडीच्या आधी येईल.
"मग प्रत्येकाच्या तोंडाशी नंबर घाला.
आम्ही झाकणांवर घालतो."
दोन दिवस मला हे सुचलं नसतं.

"आणि ते साडेअकरा अक्षरात लिहा," ते म्हणाले,
"टिंब पुसलं तर उद्या कुणी पोरगा
एकशे पंधरा आटे फिरवील."

अक्षरात लिहिलं. ठेवलं.
मग परत मागवून घेतलं, दोघांनी मिळून वाचलं.
ओळी जिथे मोडायच्या तिथेच मोडल्या होत्या.
मांजर आपल्या जागी होतं.
"बरं झालं," ते म्हणाले,
डायरी पुन्हा दुधाच्या पिशवीत गुंडाळली
आणि खिशात घातली.